बर्फ नसलेल्या गावातून: घरातली सायकल, रस्त्यावरची सायकल आणि उसना प्रश्न

हिवाळ्यात सायकलचा सराव घरात करावा की बाहेर? सायकलिंगवरचं इंग्रजी लिखाण चाळायला घेतलं की हा प्रश्न पहिल्या तासाभरात भेटतोच. बाहेर बर्फ पडलाय, रस्त्यावर मीठ टाकलंय, दुपारी चारच्या आत अंधार होतोय. मग सायकल घरात आणायची, मागचं चाक ट्रेनरला अडकवायचं आणि मार्चपर्यंत भिंतीकडे बघत पायडल मारायचं. नाहीतर जाड टायर घालून बर्फात उतरायचं. त्यावर शोधनिबंध आहेत, पुस्तकं आहेत, न संपणारे वाद आहेत.

प्रश्न चांगला आहे. फक्त तो वळमध्ये बसून जसाच्या तसा विचारता येत नाही. वळ म्हणजे भिवंडी तालुक्यातलं, पूर्णा-राहनाळ-दापोडे या गोदामांच्या पट्ट्यातलं गाव. इथे जानेवारीची पहाट हा सायकल चालवायचा वर्षातला सगळ्यात उत्तम वेळ असतो. रस्ता बंद पडतो तो जुलैत. ठाणे जिल्ह्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यात कंटेनरची वाहतूक आणि पाण्याखाली न दिसणारे खड्डे. म्हणजे 'हिवाळा' हा शब्द खोडून तिथे 'पावसाळा' लिहिला की झालं, असं वाटू शकतं. रूपरेषा लिहिणारे बरेच जण नेमकं हेच करतात: परदेशी निबंधातला प्रश्न उचलायचा, ऋतू बदलायचा, 'महाराष्ट्राच्या संदर्भात' हे दोन शब्द शेपटीला जोडायचे. मार्गदर्शकही पुष्कळदा मान डोलावतात. पण 'घरात' आणि 'बाहेर' या शब्दांनाही इतिहास आहे, आणि तो पाहिल्यावर ही अदलाबदल तितकी सरळ राहत नाही.

आधी बर्फाच्या देशांकडे जाऊ.

घरात बसून पाय हलवायचं यंत्र सायकलीच्याही आधीचं आहे. लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्सने १७९६ मध्ये 'जिम्नॅस्टिकॉन' नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कार्ल ड्राइसचं दोन चाकांचं, पायडल नसलेलं वाहन आलं १८१७ मध्ये. लाउंड्सचं यंत्र होतं सांधे आखडलेल्या आणि बैठं काम करणाऱ्या लोकांसाठी. म्हणजे घरातली सायकल ही रस्त्यावरच्या सायकलीची गरीब नक्कल आहे, हे सरसकट खरं नाही. तिची वंशावळ वेगळी आहे, औषधोपचाराची.

शर्यतीच्या सायकलला छताखाली आणलं ते थंडीने आणि तिकीटविक्रीने, दोघांनी मिळून. फेब्रुवारी १८७८ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या अॅग्रिकल्चरल हॉलमध्ये डेव्हिड स्टँटन याने पैज लावून सहा दिवसांत हजार मैल सायकल चालवून दाखवली. सहाच दिवस का, तर सातवा रविवार आणि रविवारी खेळ चालत नसे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथेच शर्यतही झाली. महिने बघा: फेब्रुवारी, नोव्हेंबर. बाहेर प्रेक्षक उभा राहायला तयार नसतो, तेव्हा त्याला बंद सभागृहात बसवून त्याच्यासमोर सायकली फिरवायच्या. १८९१ मध्ये हा खेळ न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पोचला. एकेक स्वार झोपेवाचून सहा दिवस चालवायचा, भ्रमिष्टासारखा व्हायचा, आणि लोक तेच बघायला यायचे. शेवटी एका स्वाराने दिवसात बारा तासांपेक्षा जास्त चालवू नये असा कायदा झाला. आयोजकांनी त्यातून वाट काढली: दोघांची जोडी, एक चालवतो तेव्हा दुसरा विसावा घेतो. ऑलिंपिकमध्ये आज 'मॅडिसन' नावाची जी शर्यत असते, तिचं नाव या सभागृहावरून आलंय.

याच काळात रोलर आले. तीन दंडगोल, त्यांवर सायकल; चाकं फिरतात, सायकल जागची हलत नाही. नाट्यगृहांच्या रंगमंचावर रोलरच्या शर्यती लागत आणि मागे मोठ्या तबकडीवर काटे फिरत. कोण पुढे आहे हे स्वारांकडे बघून कळायचंच नाही, तबकडीकडे बघून कळायचं. आज झ्विफ्टच्या पडद्यावर आपली बाहुली डोंगर चढताना आपण बघतो, ते याहून फार निराळं नाही.

दुसऱ्या बाजूला 'बाहेरच जाऊ' म्हणणारेही होते. फ्रान्समध्ये हिवाळ्यात शेतातून, चिखलातून, कुंपणं ओलांडत, सायकल खांद्यावर घेऊन पळत जायचा प्रकार सुरू झाला, म्हणजे सायक्लोक्रॉस. त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ ची. ऑक्टाव्ह लापीझने १९१० ची टूर द फ्रान्स जिंकली आणि त्याचं श्रेय या हिवाळी चिखलाला दिलं, तेव्हा त्याची प्रतिष्ठा वाढली. यात गंमत अशी की चिखलात वेग कमी असतो, वारा कमी लागतो, सायकल उचलून पळताना अंग गरम राहतं. थंडीचा प्रश्न व्यायामाचा प्रकार बदलून सोडवला. घर आणि रस्ता यांच्या मधली ही तिसरी वाट 'घरात की बाहेर' या तुलनेत बहुतेकदा गळूनच जाते. तुलनात्मक अभ्यास करणार असाल तर तुमच्या दोन रकान्यांनी कोणता तिसरा रकाना झाकलाय, हे एकदा तपासा.

आता आपल्या कामाचा भाग, प्रयोगशाळा.

बॉस्टनमध्ये फ्रान्सिस बेनेडिक्ट आणि त्याचे सहकारी १९१२ च्या सुमारास विजेच्या ब्रेकची स्थिर सायकल वापरत होते. कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोघने १९१३ मध्ये आपल्या सायकल-अर्गोमीटरचं वर्णन छापलं. स्वीडनच्या फोन डोबेल्नने १९५४ मध्ये पट्ट्याच्या घर्षणावर चालणारा साधा, स्वस्त, कुठेही नेता येईल असा अर्गोमीटर मांडला. मोनार्क कंपनीने तो बनवला आणि तो जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पोचला. माणसाचं शरीर किती काम करू शकतं, प्राणवायू किती घेतं, हृदय किती वेगाने पळतं, याविषयी विसाव्या शतकात जे शिकलो त्यातलं पुष्कळसं या सायकलींवरून शिकलो.

ठिकाणं बघा: बॉस्टन, कोपनहेगन, स्टॉकहोम. कोपनहेगनला डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तिथे खोली हा आसरा आहे. खोलीत ऊब आहे आणि ती हवी तेवढी ठेवता येते. म्हणून प्रयोगातला 'आत' म्हणजे नियंत्रित, स्थिर, अठरा ते बावीस अंशांचा. आणि 'बाहेर' म्हणजे गोंधळ. माझं वाचन असं आहे की पद्धतिशास्त्रातली ही जोडी, आत म्हणजे शुद्ध आणि बाहेर म्हणजे भेसळ, नुसत्या तर्कातून आलेली नाही. तीत त्या अक्षांशाचं हवामानही मिसळलंय. हे मत आहे, सिद्ध केलेलं नाही. पण प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मांडून बघण्यासारखं आहे.

वळच्या बाबतीत हे थेट आकड्यांत दिसतं. माणूस सायकलवर दोनशे वॉट काम करत असेल तर त्याचं शरीर एकूण नऊशे वॉटच्या आसपास ऊर्जा खर्चतं, कारण स्नायूंची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्केच असते. उरलेले सुमारे सातशे वॉट म्हणजे नुसती उष्णता. ती घामाच्या वाफेने घालवायची तर तासाला साधारण एक लिटर घाम पूर्णपणे वाळायला हवा. 'वाळायला' हा शब्द महत्त्वाचा, जमिनीवर ठिबकलेला घाम काही थंड करत नाही. रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने जाताना वारा अंगावर तितक्याच वेगाने येतो आणि वाळवण्याचं काम फुकटात होतं. घरात वारा शून्य. स्टॉकहोममध्ये खिडकी किलकिली केली की भागतं. जुलैतल्या भिवंडीत खिडकीबाहेरची हवा स्वतःच ओलीचिंब असते, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या गोदामात तर विचारूच नका. त्यामुळे जो 'आत' तिकडे शरीराला सुख देतो तोच इकडे जास्त छळतो. त्याच माणसाच्या, त्याच वॉटच्या नोंदीत हृदयाचे ठोके इथे वर चढत राहतील. यावरून कुणी 'भारतीय स्वारांची क्षमता कमी' असं काढलं, तर त्याने स्वार मोजलाच नाही, खोली मोजली. अशा तुलना छापून येतात. वाचताना आधी खोलीचं तापमान, आर्द्रता आणि पंखा यांची नोंद शोधायची. ती नसेल तर पुढचे तक्ते जपून वापरायचे.

मग महाराष्ट्रात 'आत' म्हणजे काय होतं? सायकल बाजूला ठेवून तालमीकडे बघा. कोल्हापूरची मोतीबाग तालीम, गंगावेस तालीम अशा जागांमध्ये हौद छताखाली असतो. लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मुरवलेली असते, उघड्यावर ठेवली तर पहिल्या पावसात तिचा राडा होईल. सराव आत, पण कुस्ती बाहेर: जत्रेच्या मैदानात, हजारो लोकांसमोर. शाहू महाराजांनी बांधलेलं १९१२ चं खासबाग मैदान उघडंच आहे. जत्रांचा मोठा हंगाम पिकं निघाल्यावरचा, फाल्गुन-चैत्र-वैशाखाचा. म्हणजे इथे आत आणि बाहेर हे एकमेकांचे पर्याय नव्हतेच. एक तयारीची जागा, दुसरी कस लागायची जागा, आणि दोन्हींच्या मधोमध शेतीचं वर्ष. तालमीतल्या पोराला 'आत बरं की बाहेर?' असं विचारलंत तर त्याला प्रश्नच कळणार नाही.

सायकलकडे परत येतानाही तालमीसारख्याच एका जागेवरून यावं लागतं. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. ते होते बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे. वजनं उचलणारे, म्हणजे पक्के 'आतले' लोक. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, साडेचार वर्षांनी, मार्च १९२८ मध्ये, सुमारे ७१,००० किलोमीटर कापून परत आले. इराण, इराक, सिरियाचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश असा तो मार्ग. त्यांनी नंतर पुस्तकही लिहिलं. निघायची तारीख बघा: ऑक्टोबरचा मध्य. पाऊस गेलाय, दसऱ्याचे दिवस आहेत. मराठी मुलखात पूर्वापार मोहिमेवर निघायचा जो काळ, सीमोल्लंघनाचा, तोच. त्यांनी पंचांग बघून तारीख काढली असं मी म्हणत नाही. पण कोकणात राहणारा माणूस लांबच्या वाटेला कधी लागतो, हे पाऊस ठरवतो. मग वाहन घोडा असो की सायकल. शिवाय बर्फ, वाळू, उन्हाळा सगळं एकाच फेरीत भेटणार असेल तर 'हिवाळी सराव' या कल्पनेला काही अर्थच उरत नाही.

आजच्या स्वारांकडे पाहिलं तरी पंचांगाचा हा तिढा दिसतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' जूनमध्ये होते. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये ती दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. अमेरिकी स्वारासाठी जूनची शर्यत म्हणजे हिवाळाभर घरात पाया, वसंतात रस्त्यावर लांब पल्ला, मग शर्यत. विदर्भातल्या किंवा नाशिकच्या माणसासाठी उलटं: डिसेंबर-जानेवारीत रस्ता मोकळा, आणि शर्यतीच्या तोंडावर, सगळ्यात जास्त किलोमीटर करायचे तेव्हाच, एप्रिल-मेचं ऊन. नागपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. परदेशी प्रशिक्षकाचा छापील तक्ता इथे भिंतीवर लावला तर 'बेस', 'बिल्ड', 'पीक' ही सगळी खोकी चुकीच्या महिन्यात पडतात. हा तक्ता आपल्याकडे कधी आणि कुठून आला, कुणी तो बदलून घेतला, हा विषय मला तरी कोरा दिसतो.

साथीच्या वर्षी मात्र आत-बाहेरचा सगळा मामलाच बदलला. २०२० च्या जूनमध्ये तीच शर्यत रस्त्यावर झाली नाही, घरातल्या ट्रेनरवर आभासी झाली. भारतीय लष्करातले लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू तीत तिसरे आले. भारतातल्या एका खोलीत बसून अमेरिका ओलांडली. आत जाण्याचं कारण ना बर्फ, ना पाऊस. कारण होता सरकारी आदेश आणि रोगाचं भय. आणि खऱ्या बर्फाचं म्हणाल, तर तेही आपल्याकडच्या एका मुलीने पाहिलंय. मूळची पुण्याची, इंग्लंडमध्ये शिकणारी वेदांगी कुलकर्णी २०१८ च्या जुलैत ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून जगप्रवासाला निघाली, आणि शेवटच्या टप्प्यांत रशियात तिने उणे वीस अंशांच्या आसपासच्या थंडीत सायकल चालवली. डिसेंबरात कोलकात्याला तिची फेरी संपली.

तिच्या वयाच्या किती मुलींना 'घरात की बाहेर' हे हवामान ठरवतं? हा प्रश्न मी मुद्दाम इथे घालते. गोदामांच्या पट्ट्यात पहाटे पाचला एकटीने सायकल काढायची तर आकाशाकडे नंतर बघतात, आधी रस्त्यावर दिवे आहेत का, ट्रकच्या रांगा कुठे उभ्या आहेत, घरचे काय म्हणतील, हे बघतात. सर्वेक्षणात 'तुम्ही घरात सराव का करता?' याला 'पाऊस', 'ऊन', 'वेळ नाही' असेच पर्याय दिले तर मुली 'पाऊस' वर खूण करून मोकळ्या होतील, आणि तुमचा निष्कर्ष नीटनेटका आणि खोटा निघेल. प्रश्नावली आधी दहा-बारा जणींशी गप्पा मारून बनवा. त्यात चार दिवस गेले तरी चालतील.

दुसरी एक माणसं या सगळ्या साहित्यात कुठेच नसतात: जी सायकल चालवतात, पण 'सराव' करत नाहीत. मुंबईचे डबेवाले घ्या. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही सेवा. माणसं बहुतेक मावळ, खेड, जुन्नर भागातली. डबे लावलेली सायकल भर जुलैत, गुडघाभर पाण्यातून, वेळेवर पोचवायची. वर्षाचे बारा महिने बाहेर. क्रीडाविज्ञानाच्या भाषेत हे सहनशक्तीचे स्वार आहेत. पण त्यांच्या पायांखालच्या किलोमीटरला कुणी 'ट्रेनिंग लोड' म्हणत नाही, कारण ती मजुरी आहे. वळच्या गोदामांत पाळीला सायकलने येणाऱ्या हमालांचंही तेच. स्ट्राव्हावरच्या नोंदींवरून 'पावसाळ्यात सायकल चालवणं घटतं' असं कुणी दाखवलं, तर ते एवढंच दाखवतं की ज्यांना थांबणं परवडतं ते थांबतात.

डबेवाल्यांना विश्रांतीचा काळ नसतो असं मात्र नाही. तो पावसात येत नाही. तो येतो चैत्रात, एप्रिलच्या सुमारास, गावच्या देवाच्या जत्रेला, चार-सहा दिवस. त्या दिवसांत मुंबईत डबे बंद असतात, आणि गावाकडे कुस्त्यांची मैदानं भरलेली असतात.